कनातीबाहेरची गर्दी

पृथ्वी गोल आहे याचा मनापासून आनंद झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे मावसाजी. बाकीच्यांनी ही गोष्ट शाळेत पाठ केली आणि सोडून दिली. मावसाजींना मात्र ती देवाने त्यांच्याशी केलेली खाजगी सलगी वाटायची. कामठीत वाढलेला माणूस. तिथल्या गल्लीबोळांत लहानपणापासून फुटबॉल खेळलेला. लग्न करून, नोकरीच्या निमित्ताने पुसदला आला, पण पाय कामठीतच राहिले. बाजारात त्यांच्याबरोबर जाणे म्हणजे जिवाला घोर असे. मावशीने विकत घेतलेले कोहळे एकदा त्यांच्या हातून निसटले. कोणीही ते वाकून उचलले असते. मावसाजींनी ते पायावर घेतले आणि भाजीवाल्या बायांच्या टोपल्यांमधून, एका म्हशीला वळसा घालून, थेट पानठेल्यापर्यंत नेले. मावशी मागून म्हणत राहिली, "अहो, भाजी करायची आहे त्याची!" कोहळ्याला खोक पडली होती. मावसाजी म्हणाले, "भाजी तं होईनच. पण बॅलन्स पाह्यला का त्याचा?"

माणसांकडेही ते तशाच नजरेने पाहत. कोण डॉक्टर, कोण वकील, कोणाची किती शेती, हे त्यांच्या लक्षात राहत नसे. आमचे हेडमास्तर त्यांच्या दृष्टीने बॅक होते, कारण त्यांना कोणी पुढे जाताना पाहिले नव्हते. मावशी गोलकीपर, कारण तिच्या हातून काही सुटत नसे. मी तेव्हा पुसदच्या शाळेत नवाच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याकडे राहत होतो. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, "तू बाप्पा, बाहेर बसून टाळ्या वाजव. तेही लोक लागतेच." पुतणीसाठी दिग्रसचे स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलाला शिक्षण, पगार काही न विचारता त्यांनी गंभीरपणे विचारले, "डाव्या पायानं मारता का उजव्या?" मुलाकडच्यांना वाटले, मुलाच्या पायात काही खोड आहे अशी कोणीतरी चुगली केली. त्यांनी बिचाऱ्याला अंगणात चालवून दाखवले. लग्न जमले, आणि मुलगा डावखुरा निघाल्यामुळे मावसाजी मांडवात सर्वांत जास्त खूश होते.

पोटासाठी ते एका फिरत्या टॉकीजचे मॅनेजर होते. उन्हाळ्यात-हिवाळ्यात गावोगाव तंबू ठोकायचा, पावसाळ्यात गुंडाळून पुसदला ठेवायचा, असा तो धंदा. खेळाची वेळ झाली की ते दारावर उभे राहत आणि येणाऱ्या माणसांच्या चालीवरून सांगत, आज तंबू भरणार की नाही. "गर्दी ऐकू येते," ते म्हणत. "पहिले बाया येतात, मंग हसणं येते, मंग लेकरं येतात. बाया नाई आल्या तं समजाचं, आज आपणच बसून पाहाचं." सिनेमावर त्यांचा जीव नव्हता. रोज तोच शेवट पाहून ते कंटाळले होते. म्हणूनच एका पावसाळ्यात, तंबू आणि कनाती गोदामात पडून आहेत हे पाहून, त्यांनी टॉकीजच्या मालकांपुढे आपल्या आयुष्याची कल्पना मांडली. पुसदचा फुटबॉल क्लब काढायचा. तोही पगारी. मैदानाला कनात बांधायची, तिकीट लावायचे आणि खेळाडूंना त्यातून दर महिन्याला पगार द्यायचा.

मालक हसले. "मॅनेजर, कुस्तीले लोक येतात. शंकरपटाले येतात. चेंडूले कोण येईन?"

"पट तरी काय आहे? बैलच पळतात ना? इथं माणसं पळतीन."

"बैलावर लोकायचा विश्वास आहे."

तरीही मालकांनी होकार दिला. रिकाम्या कनातींना उंदीर लागत होते, हेही त्यामागचे एक कारण असावे. मग मावसाजींनी सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनच्या, मागचे मुरमाड मैदान धरले, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात चेंडू पडला की तो उचलायला फावडे लागते. खेळाडू त्यांनी रस्त्यावरून वेचले. एक दूधवाला होता, एक जंगल खात्यातला, दोघे एस.टी.तले. आणि देविदास. देविदास जिनमध्ये कापसाची बोंद्री, म्हणजे मोठाली पोती, वाहायचा. गावाच्या टोकाला जी बौद्ध वस्ती होती, तिथला. दोन-तीन वर्षांपूर्वीच त्या वस्तीने धम्म घेतला होता. माझ्याच वयाचा, काटकुळा, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहणारा. मावसाजींनी त्याला जिनच्या फाटकात सरकीच्या पोत्यावरून उडी मारताना पाहिले आणि घरी आले ते जेवलेच नाहीत. "अरे, तो उडी मारून राह्यलता तं खाली यायले विसरूनच गेलता!"

जाहिरात त्यांनीच केली. टांग्यात बसून, हातात पत्र्याचा भोंगा घेऊन ते गावभर फिरले. सिनेमाची सवय असल्यामुळे भाषा तीच होती. "या, पाहा! नाच नाई, गाणं नाई, रडणं नाई! पण शेवट काय होईन, हे मॅनेजरलेही माईत नाई!" पहिल्या सामन्याला उमरखेडची टीम आली आणि कुतूहलापोटी बऱ्यापैकी लोकही आले. दुर्दैवाने एकही गोल झाला नाही. सामना संपला तरी लोक उठेनात. एक म्हातारे शेतकरी दारावर येऊन म्हणाले, "मॅनेजर, शेवट तं दाखवलाच नाई." मावसाजींनी तत्काळ उत्तर दिले, "शेवट पुढच्या शनिवारी!" पण पुढच्या शनिवारी फार थोडे लोक फिरकले. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहूनही कमी.

ह्यात आणखी एक गोष्ट होती, ती कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मैदानात खेळाडूंसाठी पाण्याचा एक रांजण ठेवलेला असे आणि त्यावर एक गडू. देविदास त्याच गडूने पाणी पितो, हे पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या काही मंडळींना खटकले. त्यांनी मालकांना सांगितले, मालकांनी मावसाजींना. "वेगळी सुरई ठेवा एक. कोणाले वाईट वाटणार नाई," मालक हळूच म्हणाले. मावसाजी मोठ्या आवाजाचे गृहस्थ, पण त्या दिवशी अगदी हळू बोलले. "मालक, रांजण एकच राहीन. ज्याले तहान नसंन त्यानं पिऊ नये." आणि पुढच्या सामन्याच्या मध्यंतरात, देविदासने पिऊन ठेवलेला गडू उचलून, सगळ्या खुर्च्यांकडे तोंड करून ते स्वतः गटागटा पाणी प्याले. त्यांना पाणी पिताना ठसका लागायची सवय होती, तसा तेव्हाही लागला, आणि पाठीवर थाप मारायला देविदासच धावला. त्यानंतर त्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मावशीने एकदा विचारले, "लोक नाई येत तं काहून करता हा खटाटोप?" ते म्हणाले, "येतीन. अजून त्यायच्या कानावरच नाई गेलं."

शेवटचा डाव म्हणून त्यांनी कामठीची टीम बोलावली. तिथला मॅनेजर त्यांचा बालमित्र होता. कामठीच्या खेळाचे नाव सगळ्यांनी ऐकलेले होते, त्यामुळे त्या दिवशी दुपारपासून लोक येऊ लागले. शेतातून आले, वस्तीतून आले, बाजाराला आलेले इकडे वळले. मी आत खुर्चीवर होतो. माझ्या आजूबाजूला एक डॉक्टर, दोन कारकून आणि पुष्कळशा रिकाम्या खुर्च्या. आणि कनातीच्या बाहेर मात्र सगळे गाव लोटले होते. कडुनिंबावर माणसे, जिनच्या छपरावर माणसे, कनातीला लावून उभ्या केलेल्या बैलगाड्यांवर माणसे. देविदासने पहिल्यांदा चेंडू घेतला तेव्हा जो ओरडा झाला तो सगळा कापडापलीकडून आला. आमच्या बाजूने डॉक्टर तेवढे "वा" म्हणाले.

मालक संतापले. "पोलीस बोलवा. उतरवा सगळ्यायले झाडावरून." मावसाजी दाराशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही ठरत नव्हते. तेवढ्यात शेतातले निंदण आटोपून आलेल्या बायांचा एक घोळका दाराशी येऊन थांबला. लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायांना चिखल. त्यांतली एक म्हातारी पुढे झाली. ती देविदासची आई होती.

"भाऊ, आमचा देविदास इथून दिसंन का?"

दारावरचा माणूस म्हणाला, "तिकीट लागते, माय."

"मी आत नाई बसत. मले झाडावर चढता येत नाई ना. ह्या कपड्याले एक भोक पाडून दे, तेवढ्यातून पाहीन."

मावसाजींनी तिच्याकडे पाहिले, मग त्या लांबलचक कनातीकडे. "एवढा मोठा कपडा आन एक भोक?" असे म्हणून ते खुंट्यापाशी खाली बसले आणि दोरी सोडू लागले. मालक ओरडत होते, "मॅनेजर, काय करून राह्यले?" मावसाजी वर न पाहता म्हणाले, "गर्दी येते का नाई, हेच पाहाचं होतं ना आपल्याले? आली." पहिली कनात पडली, तिच्या ओढीने दुसरी कलली, आणि मग झाडावरची, छपरावरची, गाड्यांवरची माणसे जी आत आली ती थेट रेषेपर्यंत. देविदासच्या आईला मावसाजींनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. ती टोकावर बसली, खुर्चीला चिखल लागू नये म्हणून पाय पुढे लांब धरून.

सामना आम्ही हरलो. कामठीवाले चांगलेच होते. पण आमचा एकमेव गोल देविदासने केला, आणि त्या वेळी मैदानात जो आवाज उठला त्याने जिनवरची कबुतरे उडाली ती कितीतरी वेळ खाली बसली नाहीत. त्याच्या आईने मला विचारले, "हे आपल्या बाजूनं झालं का?" मी हो म्हटल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला.

क्लब तिथेच संपला. कनाती चिखलात तुडवल्या गेल्या होत्या आणि मालकांनी मावसाजींना कामावरून काढले. ते एका कापडाच्या दुकानात बसू लागले. कामठीच्या मॅनेजरने जाताना देविदासबद्दल विचारले होते. नागपूरकडे नोकरी लावून देतो, तिथे खेळेल, म्हणाला. मावसाजींनी स्वतः त्याला एस.टी.त बसवून दिले. मावशी म्हणाली, "टीम तं मोडलीच, आन वरून पोरगंही देऊन टाकलं." "मी कोण देणारा?" मावसाजी म्हणाले. "पाय त्याचे आहेत."

त्यानंतर काही वर्षांनी मी त्यांना नागपूरला देविदासचा खेळ पाहायला घेऊन गेलो. त्यांचे गुडघे दुखू लागले होते, नजरही मंदावली होती. सामनाभर ते काठी धरून बसले होते आणि चेंडू कुठे आहे हे मला विचारत होते. देविदासची टीम जिंकली. लोकांनी त्याला गराडा घातला. मी म्हणालो, "चला मावसाजी, भेटू त्याला." ते जागचे हलेनात. "राहू दे. आपण गेलो तं त्याले थांबा लागंन. किती लोक आहेत त्याच्यापाशी." आणि ते दुरूनच, दिसत नव्हते तरी, त्या घोळक्याकडे पाहत राहिले.

पण देविदासला आम्ही दिसलो. तो लोकांना बाजूला सारत आला, वाकला आणि मावसाजींच्या पायांवर हात ठेवला. मागोमाग आलेल्यांना म्हणाला, "हे माझे पहिले मॅनेजर." एवढे सगळे चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून ह्या भोंगेवाल्या माणसाला एक शब्द सुचेना. मग ते म्हणाले, "घाम पूस पहिले. हवा लागंन." आणि खिशातला रुमाल काढून स्वतःच त्याचे तोंड पुसू लागले. आजूबाजूचे लोक थांबून पाहत होते. देविदास डोळे मिटून, मान खाली घालून, अगदी लहान मुलासारखा उभा होता. घाम केव्हाच पुसून झाला होता, तरी मावसाजींचा हात थांबत नव्हता.