शेवटच्या बाकावरचं वल्हं

ऐंशीच्या दशकात लग्न करून मी मिनेसोटात आले, त्याला पाच महिने झाले होते. नवरा पीएचडी करत होता, त्याचे शनिवारही लॅबमध्ये जायचे. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दिवसभर तोंड उघडायची वेळच यायची नाही. संध्याकाळी त्याच्याशी बोलायला लागले की माझा आवाज मलाच घोगरा वाटायचा.

एका शनिवारी तोच म्हणाला की गावात व्हायकिंगांच्या, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या, जीवनावरचं म्युझियम आहे, तिथे सगळं हाताळून बघता येतं. तुला सोडतो आणि दोनला न्यायला येतो.

आत खरंच काही काचेआड नव्हतं. मुलं लाकडी ढाली घेऊन पळत होती, एक बाप मुलीबरोबर लोकर पिंजत बसला होता. मधोमध लाकडी जहाज होतं. एका वल्ह्यावर दोघं बसा, असं सांगितल्यावर लोक आपापल्या माणसांबरोबर जोडीने बसले. मी शेवटच्या बाकावर एकटी. उठावं असं वाटत होतं, तेवढ्यात लांब लोकरी झगा घातलेली सत्तरीची एक बाई शेजारी येऊन बसली. ती तिथली स्वयंसेविका होती. आम्ही वल्हं ओढलं. तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त जोर निघाला.

मग तिने मला दगडी जात्यापाशी नेलं. मी भारतातली म्हटल्यावर मला दळता येतच असणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. आमचं पीठ गिरणीतून यायचं, हे सांगायचा मला धीर झाला नाही. अर्धा तास जातं ओढून जाडंभरडं काहीतरी पडलं. तिने ते कौतुकाने चिमटीत घेऊन पाहिलं.

तीन वाजले तरी नवरा आला नाही. तिथून लॅबला फोन केला, तो कुणी उचलला नाही. चारला म्युझियम बंद झालं, पण ती माझ्याबरोबर दाराजवळच्या बाकावर थांबली. बाहेर बर्फ पडायला लागला होता. तिची आई लग्नानंतर नॉर्वेहून आली, ती परत कधी गेलीच नाही, असं ती सांगत होती.

मी विचारलं, "त्यांना करमलं का इथे?"

"मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "शनिवारी येत जा. आम्हाला माणसं हवी आहेत."

पाचच्या सुमारास नवरा आला. "अगं सॉरी, रीडिंग्ज मध्येच सोडता येईनात." मी गाडीत बसले. कसं होतं म्युझियम, असं त्याने विचारलं. छान होतं, म्हटलं.

पुढचे दोन हिवाळे दर शनिवारी मी तसाच झगा घालून त्या जात्यापाशी बसले. एका लहान मुलीने एकदा विचारलं, मी खरी व्हायकिंग आहे का. मी हो म्हटलं, आणि तिला ते पटलं.

आईला मात्र मी यातलं काही कळवलं नाही. थंडी फार आहे, बाकी सगळं ठीक, एवढंच लिहायचे. तीही उलट पत्रात स्वेटर घालत जा, असं लिहायची.