साकीनाक्याला सोडलेला दिवाळी अंक

“ही पिशवी कोणाची?” सुरक्षारक्षक ओरडला तेव्हा अख्खी मेट्रो रिकामी करून माणसं साकीनाक्याच्या फलाटावर उभी केली होती, आणि मी छताकडे बघत होते.

पिशवी माझीच. आत वाचून झालेला दिवाळी अंक. माझी शाळा चौथीत सुटली, वाचायचं सुटलं नाही. वाचलेला अंक मी रद्दीत घालत नाही, बसच्या सीटवर ठेवते. कोणाच्या हातात मात्र द्यायचा नाही. (दिला की लोकांना वाटतं, म्हातारी काहीतरी विकतेय!) ठेवायचा, लांब जाऊन बसायचं आणि कोण उचलतंय ते बघायचं. उचलणारा पुढे वाचतो की नुसतं वारं घेतो, हे कळावं म्हणून मी माझा स्टॉपसुद्धा सोडलाय.

त्या दिवशी सून बरोबर होती. सुनंदाची अंधेरीच्या एका बालवाडीत मुलाखत होती. पोरं झाल्यावर घरी बसली होती, ही नोकरी तिला हवीच होती. “आई, तुम्ही चला, मला धीर येईल,” म्हणाली. (धीर!)

मेट्रोच्या सीटा गुळगुळीत. अंक घसरेल म्हणून मी तो कापडी पिशवीत घातला, वर सुतळीनं घट्ट बांधला, सीटवर ठेवला आणि सुनेला घेऊन डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

कोणी उचलेना! उलट शेजारचा माणूस उठला. मग त्याच्या पलीकडची बाई उठली. “हाथ मत लगाना!” कोणीतरी ओरडलं. एवढा चांगला अंक! तेवढ्यात एकानं लाल बटण दाबलं.

फलाटावर सुनंदा कुजबुजली, “आई, ती आपली पिशवी ना?”

“आपली कशी? मी सोडली ना ती.”

“आई, माझी मुलाखत! जाऊन सांगा आधी!”

गेले. रक्षकानं विचारलं, “आजी, आत काय आहे?”

“गोष्टी.”

“कसल्या गोष्टी?”

“दोन बऱ्या आहेत. बाकी भरतीच्या.”

“तुम्हीच उघडा,” म्हणाला आणि मागे सरकला. सगळा फलाट मागे सरकला. सुनंदासुद्धा! सुतळीची गाठ नखानं सुटेना, म्हणून दातानं सोडायला लागले. मागे एक बाई मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली.

अंकाचं पान न् पान उलटून, मला भरपूर झापून त्यांनी सोडलं. बालवाडीत पोचलो तेव्हा मुलाखतीची वेळ केव्हाच टळली होती. सुनंदा रडायच्या बेतात. पण मुख्याध्यापिकाबाईंचाही पत्ता नव्हता. त्या धापा टाकत आल्या.

“सॉरी हं, मागच्या मेट्रोत अडकले! कोणा मूर्ख बाईनं पिशवी ठेवली म्हणे. तुम्हीपण त्यातच सापडलात का?”

“हो ना मॅडम!” सुनंदा म्हणाली. “असल्या लोकांना घराबाहेर सोडतात तरी कशाला?”

दोघींचं त्यावर इतकं जमलं, की नोकरी तिथंच पक्की झाली.

ती मूर्ख बाई बाहेरच्या बाकावर सुनेची पर्स सांभाळत बसली होती. ती मी.