यादीतला शेवटचा अनुक्रमांक

प्रा. नागनाथ देवकते सरांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माझा लॅपटॉप मिटला तेव्हा. मी त्या वेळी धाराशिवच्या एका रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. प्रबंधाचा विषय होता सर्पदंश. साप चावल्यावर रुग्ण किती तासांनी आमच्यापर्यंत पोचतो आणि त्याचा त्याच्या जगण्यावाचण्याशी काय संबंध असतो, एवढंच पाहायचं होतं. माहिती गोळा झाली होती आणि प्रबंध सादर करायला जेमतेम महिना उरला होता. कुणीतरी सांगितलं, संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी आपल्या ग्रंथालयात येऊन बसतात आणि विचारील त्याला मदत करतात.

मी गेले आणि उभ्याउभ्याच विचारलं, "सर, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?"

सरांनी लॅपटॉप मिटला, एका जुन्या केसपेपरची कोरी पाठ माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "बसा डॉक्टरबाई. तुमाला विचारायचंय काय, ते आधी ठरवा. निकाल आला तर त्याचा तक्ता कसा दिसंल, तेवढा रिकामा काढून दाखवा. मशिनीचं मग बघू."

मी मूळची परंड्याची, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. मनात म्हटलं, आम्हाला वॉर्डात दम खायला वेळ नाही आणि हे चित्रं काढायला लावतात. तक्ता काढायला बसले तर तो काही केल्या जमेना. लवकर म्हणजे किती तास आणि उशीर म्हणजे किती, हेच मी ठरवलेलं नव्हतं.  सरांनी डब्यातला चिवडा पुढं केला आणि दुसरा केसपेपर दिला.

आज सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहिताना मला त्या चिवड्याचीच आठवण आधी यावी, हे सरांना आवडेल. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंनाही, कारण तो त्यांच्या हातचा असायचा.

सरांच्या कामाची पद्धत त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सरांचे वडील माकणीला मेंढरं राखायचे. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना ते मोजायचे नाहीत, एकेक मेंढरू ओळखत आत सोडायचे. सगळी आत गेली की कुठलं आलं नाही ते त्यांना बरोबर कळायचं. सरांनी तीच रीत आम्हाला लावली. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी प्रत्येकानं आपली माहिती ओळीनं मोठ्यानं वाचायची. नाव नाही, फक्त क्रमांक, वय, बाई की पुरुष, काय झालं, पुढं काय झालं. सर डोळे मिटून ऐकत आणि मध्येच थांबवून विचारत, "हा माणूस कोण हाय?" ओळीतून माणूस उभा राहिला नाही, तर ती ओळ तपासायला पुन्हा नोंदींच्या खोलीत जावं लागे. आमच्यातल्या भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत.

मी ही पायरी गाळली. एका मित्रानं महागड्या सॉफ्टवेअरची एक चोरटी प्रत मला आणून दिली होती. कुठं काय दाबायचं तेही दाखवलं. मी दाबत गेले आणि निकाल असा आला की मी खुर्चीतून उठलेच. जे रुग्ण उशिरा आले, तेच जास्त वाचले होते! त्यापुढं सॉफ्टवेअरनं दोन चांदण्याही लावल्या होत्या, म्हणजे हा फरक सहज योगायोगानं पडलेला नाही. आपण जगावेगळं काही शोधलं, अशा थाटात मी शनिवारी सरांपुढं कागद ठेवला.

सरांनी निकालाकडं पाहिलंच नाही. "ओळी वाचा," म्हणाले.

सातव्या-आठव्या ओळीलाच त्यांनी थांबवलं. "साप चावल्यावर नव्व्याण्णव तासांनी आला? म्हंजे चार दिवस हा माणूस घरी बसून काय करत व्हता?"

 ज्यांची वेळ केसपेपरवर लिहिलेली नव्हती, त्यांच्यापुढं आम्ही नव्व्याण्णव टाकलं होतं. 'माहीत नाही' लिहायचा तो आमचा संकेत होता. तो सॉफ्टवेअरला सांगायचा राहून गेला, आणि त्यानं ते खरेच तास धरले. वेळ कुणाची लिहिलेली नव्हती? तर ज्यांना विष फारसं भिनलं नव्हतं, जे हसतखेळत घरी गेले, त्यांची. अत्यवस्थ माणसाची वेळ मात्र प्रत्येक डॉक्टरनं नीट लिहिली होती. साप चावला तरी सावकाश या, असं मी आमच्या जिल्ह्याला सांगायला निघाले होते.

सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही कायकाय दाबलं, ते क्रमानं सांगता येईल का?" मला येईना. "मग हे सॉफ्टवेअर आपलं न्हाय," ते म्हणाले. "चोरीचं हाय हे तर हायच. पण आपण काय केलं ते आपल्यालाच सांगता येत न्हाय, ही त्याच्याहून वाईट गोष्ट."

पुढचे शनिवार सर माझ्याबरोबर नोंदींच्या खोलीत येऊन बसले. त्यांना धुळीचा त्रास होता, तरी उपरणं नाकाला लावून ते केसपेपर काढून देत राहिले. सापडल्या त्या वेळा भरल्या, न सापडलेल्या रिकाम्या ठेवल्या. प्रबंध एक सत्र पुढं गेला. निकाल साधाच आला, लवकर येणारे जास्त वाचतात. मी तेव्हापासून कानाला खडा लावला.

सॉफ्टवेअर कुठलं निवडावं, हा प्रश्न तरुण डॉक्टर आजही विचारतात आणि सर आजही त्यांना एकच एक नाव सांगत नाहीत. ते उलट विचारतात. तुमची बदली झाली तर हे सोबत नेता येईल का? तुम्ही केलेलं तुमच्यामागून येणाऱ्याला जसंच्या तसं पुन्हा करता येईल का? आणि तुमचं काम खरंच एवढं मोठं आहे का? ज्याला एक प्रबंध उरकून दवाखाना थाटायचा आहे, त्याला ते बटणं दाबून चालणारं, पण फुकट आणि राजरोस मिळणारं काहीतरी सुचवतात. एका परिचारिकाताईंना त्यांनी साध्या स्प्रेडशीटवरच थांबवलं होतं आणि ते योग्यच होतं. संस्थेनं रीतसर विकत घेतलेलं असेल, तर तेही त्यांना वर्ज्य नाही. मात्र ज्याला संशोधनातच राहायचं आहे, त्याला ते 'आर' नावाचं सॉफ्टवेअर शिकायला बसवतात. त्यात प्रत्येक आज्ञा टाइप करावी लागते आणि ती लिहिलेली राहते, म्हणून.

गंमत म्हणजे हे 'आर' सर स्वतः निवृत्तीनंतर शिकले. आयुष्य कॅल्क्युलेटरवर गेलेलं. दोन बोटांनी टाइप करत. एक स्वल्पविराम चुकला की पडद्यावर लाल अक्षरं उमटत आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "आज पुन्हा बोलणी खाल्ली जणू!" सरांनी त्या लाल ओळींची एक वही केली. वर इंग्रजी ओळ जशीच्या तशी, खाली मराठीत तिचा अर्थ आणि उपाय. एका ठिकाणी लिहिलंय, 'वस्तू सापडली नाही असं म्हणतोय. घाबरू नये. वस्तू असते, आपण नाव चुकीचं घेतलेलं असतं. लहान-मोठी अक्षरं बघावीत.' त्या वहीच्या झेरॉक्स आज जिल्ह्यातल्या कितीतरी डॉक्टरांच्या कपाटात आहेत. माझ्या प्रतीत काकूंच्या हळदीच्या डागाची सावलीही उमटली आहे, म्हणजे ती थेट मूळ वहीवरून काढलेली, असं मी सगळ्यांना ऐकवते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तो टाळावा असं मला फार वाटत होतं.

सरांच्या बैठकीच्या खोलीत त्यांचा एक शोधनिबंध चौकटीत लावलेला असे. पुष्कळ वर्षांपूर्वी सर आणि त्यांचे एक दिवंगत डॉक्टर मित्र परंडा तालुक्यातल्या गावांतून हिंडले होते. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या दिल्या जात. काही गावांत कार्यकर्ती घरोघर जाऊन त्या घेतल्या का, हे विचारी, काही गावांत जात नसे. घरी कुणी जातं त्या गावांत बायकांचं रक्त चांगलंच वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका मासिकात तो छापून आला होता आणि सरांना त्याचा सार्थ अभिमान होता. पंचाहत्तरीची भेट म्हणून मी ठरवलं, तेच गणित 'आर'मध्ये नव्यानं करायचं आणि सुबक आलेख काढून सरांना द्यायचा. काकूंनी सरांना पत्ता लागू न देता माळ्यावरच्या नोंदवह्या मला दिल्या.

सगळं भरलं आणि आज्ञा दिली. निष्कर्षातला फरक जवळजवळ नाहीसाच झाला. मी तीनदा करून पाहिलं. मग वह्यांच्या कडेला सरांच्याच अक्षरात केलेले भागाकार सापडले. दुसऱ्या तपासणीला ज्या बायका आल्या नाहीत, त्यांच्यापुढं आडवी रेघ होती. बेरीज आलेल्यांचीच होती, पण भागलं होतं यादीतल्या शेवटच्या अनुक्रमांकानं. म्हणजे न आलेल्याही भागाकारात धरल्या गेल्या, अंगात रक्ताचा थेंब नसल्यासारख्या. कार्यकर्ती जिथं जात होती तिथं सगळ्या आल्या होत्या. जिथं जात नव्हती तिथं रेघाच रेघा होत्या. सगळा फरक त्या रेघांचा होता.

आठ दिवस मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गौरवाच्या वर्षी गुरूची चूक काढून दाखवणारी मी कोण? वह्या परत माळ्यावर ठेवाव्यात, कुणाला कळणारही नाही, असं पक्कं ठरत आलं होतं. पण वह्या परत द्यायला जायच्या आधी सवयीनं ओळी मोठ्यानं वाचल्या. या जुन्या वह्यांत नावंही होती. एका रेघेपुढचं नाव आणि गाव ऐकून मीच थांबले. ती माझी थोरली चुलती होती. तिच्या परवानगीनंच हे लिहिते आहे. तिला फोन केला. म्हणाली, "व्हय की, आलते डॉक्टर. म्या रानात गेलते खुरपायला. कोण थांबतंय सुई टोचून घ्यायला?" मी हिशेब समजावून सांगितला, तर चुलती खवळली. "मला रगातच न्हाय असं लिवलंय व्हय तुमच्या मास्तरनं? त्याला म्हनावं, खुरपताना अजून दोन पाती धरते मी!"

त्या शनिवारी मी सरांच्या घरी गेले.  सगळं सांगितलं. सरांनी पेन्सिल घेतली आणि वहीतलं एक गाव पहिल्यापासून स्वतः केलं. काकू चहा ठेवून गेल्या, तो निवून गेला. मग सर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." वही मिटून म्हणाले, "ज्या आल्या न्हाईत, त्यांना मी न विचारताच मोजलं. आयुष्यभर पोरांना ह्याच्या उलट शिकवत आलो." सरांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी चुलतीचा निरोप सांगितला, तेव्हा मात्र ते मोठ्यानं हसले.

चौकट त्यांनी त्याच दिवशी उतरवली. मासिकाला दुरुस्तीचं पत्र लिहायला सांगितलं. चौकशी केली तर ते मासिक केव्हाच बंद पडलेलं. मी मनातून सुटले होते, पण सर कसले सुटू देतात! "मग तुमच्या त्या ग्रंथात छापा," म्हणाले. गौरवग्रंथाच्या समितीतल्या मंडळींनी तोंडात बोटं घातली. अशा ग्रंथात कुणी चूक छापतं का? सरांनी निरोप पाठवला, "दुरुस्ती छापणार असाल तर सत्काराला येतो. न्हाय तर शनिवारी ग्रंथालयात हायच मी."

तेव्हा सरांच्या इच्छेनुसार, आणि त्यांनी वाचून मान्य केल्यानुसार, मी इथं नमूद करते: परंडा तालुक्यातल्या गरोदर स्त्रियांविषयीच्या त्या निबंधात सरासरी काढताना अनुपस्थित स्त्रियांनाही संख्येत धरलं गेलं होतं. त्यांना वगळल्यास गावागावांतला फरक फार थोडा उरतो. निबंधाचा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. ज्यांनी तो वापरला असेल, त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावा. 'ही चूक माझी एकट्याची आहे, दिवंगत मित्राची नाही,' असं वाक्य सरांनी स्वतःच्या हातानं जोडलं आहे.

मी सरांची पुष्कळ स्तुती करू शकले असते. त्यांनी किती जणांना शिकवलं, किती जणांचे प्रबंध तारले, हे इतरांनी लिहिलंच आहे. मला त्यांच्याविषयी अतोनात प्रेम वाटतं आणि ते या दुरुस्तीत पुरेसं दिसतं, असं मला वाटतं.

सरांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सरांचे गुडघे शनिवारच्या जिन्याला साथ देत राहोत. आणि पुढं केव्हातरी त्याच ग्रंथालयात एखादी नवी डॉक्टरबाई ओळी मोठ्यानं वाचताना म्हणो, "पुरुष, वय नव्व्याण्णव." सरांनी डोळे मिटूनच विचारावं, "हा माणूस कोण हाय?" मग आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगावं की सर, तुम्हीच, आणि आकडा खरा आहे, आम्ही तपासून घेतला आहे.