उलटा टँकर

समुद्रावर नानांइतका विश्वास असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मी कोकणातला आहे. नाना म्हणजे जळगावहून असोद्याकडे जाताना रस्त्याला लागून ज्यांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवायचं वर्कशॉप होतं, ते. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत अहिराणीच राहिलं. त्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची निकडही त्यांना कधी वाटली नाही. "मी देखेल नही, पन शे ना तो तठे? मंग!" असं ते म्हणायचे; पाहिला नसला तरी आहे ना तिथे, मग! एवढ्या एका 'मंग'च्या भरवशावर त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, जिथून जवळातली जवळ लाट गाठायलासुद्धा गाडीत रात्र काढावी लागते अशा जागी, शिडाची लोखंडी बोट बांधायला घेतली. त्यांच्या पुतणीचा नवरा आखातात जहाजांच्या कामावर होता. त्याने सुट्टीवर येताना नकाशांची एक जाडजूड गुंडाळी आणली आणि कौतुकाने सांगितलं, की परदेशात लोक असे नकाशे विकत घेतात आणि घरामागे स्वतःच बोट बांधतात. पत्रा कापायचा, वाकवायचा आणि वेल्डिंग मारायचं, बस. नानांनी गुंडाळी उलगडली, खिशात स्वतःचा चष्मा असताना शेजाऱ्याच्या नाकावरचा काढून लावला (ते नेहमी असंच वाचायचे), बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाऊ तं टँकर शे. उलटा." टँकरमध्ये पाणी आत आणि बाहेर कोरडं, ह्यात पाणी बाहेर आणि आत कोरडं. एवढाच काय तो फरक.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. आठवीतून शाळा सुटली, घरी खाणारी तोंडं जास्त, म्हणून भुसावळला रेल्वेत असलेल्या चुलतभावाकडे काम शोधायला आलो. वर्षभरात त्याची बदली झाली आणि मी उरलो. गॅस कटर चालवायला तेवढा शिकलो होतो. कुणीतरी नानांचा पत्ता दिला. नानांना लोखंड असो की माणूस, बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय. त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं, कान जवळ आणला आणि म्हणाले, "भरीव शे. कोठला?" मी गावाचं नाव सांगितलं. ते कुठे, म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, रत्नागिरी जिल्हा. नाना उभेच राहिले. "म्हनजे समुद्राकडना!" मी घाईघाईने सांगितलं, की आमचं गाव डोंगरात आहे, समुद्र तिथून लांब, मी तो जेमतेम दोनदा पाहिलाय, तोही लग्नाला जाताना गाडीच्या खिडकीतून. नानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत हाक मारून बायकोला सांगितलं, "बोटीना मानूस भेटना!" म्हणजे, बोटीचा माणूस भेटला.

नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्या असोद्याच्याच, चणीने लहान, पण वर्कशॉपमधला घणसुद्धा त्यांच्या आवाजाला दबून असायचा. त्या दारात आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ट्रॉल्यांले मानसं कमी पडले का? आखीन एक कायले?" नाना म्हणाले, "हाऊ ट्रॉलीवाला नही, बोटवाला शे." "आन बोट झाल्यावर?" नानांनी आभाळाकडे पाहिलं. "मंग देखसूत." म्हणजे, मग बघू.

हे 'मंग देखसूत' हेच माझं नेमणूकपत्र. बोट आहे तोवर मी आहे. राहायला पत्र्यांच्या शेडमागची खोली, दोन वेळचं जेवण अक्कांच्या हातचं, आणि तेही असं, की पहिल्या दिवशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर भरीत वाढलं तेव्हा तिखटाने माझे डोळे वाहायला लागले आणि अक्कांना वाटलं, पोराला घराची आठवण आली. त्यांनी आणखी वाढलं. ह्या उपकारांना जागायचं तर जीव तोडून काम करायला हवं, आणि जीव तोडून काम केलं तर बोट लवकर होणार आणि आपण लवकर रस्त्यावर येणार. असा माझा सगळा गोंधळ होता. एखादा पत्रा मनासारखा बसला की मला आधी आनंद व्हायचा आणि मग मी उरलेले पत्रे मोजायचो. त्यातून आणखी एक भीती होती. मी समुद्रातलं काही जाणत नाही, हे मी नानांना आठवड्यातून एकदा तरी स्पष्ट सांगत असे. आणि तरीसुद्धा ते एक दिवस उघडकीला येईल, ह्या धास्तीने मला झोप लागायची नाही.

पण नानांसमोर काहीच उघडकीला यायचं नाही. मी 'माहीत नाही' म्हटलं की ते बाकीच्या कारागिरांना म्हणत, "देखा. समुद्राकडना मानूस फुशारकी मारत नही." एकदा त्यांच्याबरोबर चोपड्याला टँकर पोचवायला गेलो. वळणावळणांचा रस्ता, मागून डिझेलचा वास. मी उतरून ओकलो. परत आल्यावर नानांनी अक्कांना हळूच सांगितलं, "समुद्र याद उना त्याले." समुद्राची आठवण आली म्हणे.

कामाची सुरुवातच घोटाळ्याने झाली. जावईबापू परत जाताना बजावून गेले होते, की सगळ्यात आधी 'कील'. नानांनी मला बाजारात पिटाळलं, "कील लई ये." मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कील मागितली. दुकानदाराने खिळ्यांचा डबा पुढे ओढला. "केवढी देऊ?" मी नकाशावरून उतरवलेली चिठ्ठी वाचली. वीस फूट. त्याने डबा मागे घेतला. "वीस फुटी खिळा? काय ठोकतो भो, आभाळ?" परत येऊन नानांना सांगितलं तर ते दुकानदारावरच चिडले, की एवढं मोठं दुकान आणि माल ठेवत नाही. पुढे आखातातून पत्राने उत्तर आलं, की कील म्हणजे खिळा नव्हे, बोटीचा खालचा कणा, त्यावरच सगळा भार. नानांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मंग कना लिखतास नही का? लोकेस्ले काबर फिरावतस?"

नंतर बरगड्या. बोटीच्या आतल्या आडव्या सांगाड्याला आम्ही बरगड्या म्हणायचो. नकाशात त्यांचं चित्र होतं आणि ते चित्र सरळसरळ वाकडं होतं. मधल्या रेषेच्या उजवीकडे बोट निमुळती, डावीकडे ऐसपैस. नानांनी ते मान्य केलं. "समुद्राना वारा एकांगे ऱ्हास. म्हनीसन एक बाजू जाड," म्हणजे वारा नेहमी एकाच अंगाने, असं त्यांनी आम्हाला समजावलं आणि माझ्याकडे होकारासाठी पाहिलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. "देखा," ते म्हणाले. आम्ही चार बरगड्या तशाच कापून उभ्या केल्या. अक्का भाकरी घेऊन आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "माय वो! या म्हशीच्या आंगावरून वारं गेलं का?" तेव्हापासून बोटीचं नाव म्हैस पडलं ते पडलंच. मग एका सकाळी नाना अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. निम्म्या तोंडाला फेस, निम्मं तोंड साफ. अचानक वस्तरा हातात तसाच धरून धावत शेडमध्ये आले, आरसा त्या नकाशाच्या मधल्या रेषेवर उभा धरला आणि ओरडले, "अरे! याने अर्धीच दाढी करेल शे!" खरंच होतं. कागद वाचवायला उजवीकडे पुढची अर्धी बोट काढली होती आणि डावीकडे मागची अर्धी. उरलेला अर्धा भाग आपण समजून घ्यायचा. चारही बरगड्या भंगारात गेल्या. नानांना दुःख झालं. मला झालं नाही; तेवढेच दिवस वाढले.

बोट समुद्रापर्यंत जाणार कशी, हे विचारायला रोज कुणीतरी यायचं. नानांकडे शाळेतला जुना नकाशा होता. त्यावर बोट फिरवत ते दाखवायचे: हे आपण, ही तापी, ही गेली धुळ्याच्या वरून, ही गेली सुरतेला, हा समुद्र. "उतार शे बठ्ठा. इंजिनबी लागाव नही." सगळा उतारच, इंजिनही लागायचं नाही. कुणी म्हणालं, मध्ये धरण आहे. "मंग? धरनले दरवाजे ऱ्हातस." कुणी म्हणालं, उन्हाळ्यात तापीत घोट्याएवढं पाणी असतं आणि तुमच्या बोटीला छातीएवढं लागतं. नाना त्या माणसाला पेराने ठोकून बघत आणि आम्हाला सांगत, "पोकळ शे."

अंगाचे पत्रे चढले, सांधे भरले, आणि आता चाचणी. टँकर गळतो का ते बघायला तो पाण्याने भरतात, म्हणून बोटही पाण्याने भरली. विहिरीची मोटार लावून दीड दिवस भरत होतो. नाना खालून चारी बाजूंनी हात फिरवत हिंडले, एक थेंब नाही. "आतलं भाईर येत नही, तं भाईरलं आत कसं जाई?" तोवर रस्त्यापलीकडच्या बाया हंडे घेऊन शिडीपाशी रांगेत उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा नळ चार दिवस आला नव्हता. नानांनी त्यांना नाही म्हटलं नाही. पण एवढ्या हंड्यांनी बोट रिकामी होईना, म्हणून त्यांनी मला तळाला भोक पाडायला लावलं आणि तिथे टँकरचा दोन इंची नळ बसवला. बाया खूश. मी घाबरत विचारलं, "नाना, समुद्रात हा नळ कुणी उघडला तर?" नाना म्हणाले, "उघाडशीन काबर?"

डोलकाठी बोअरवेलच्या पाइपाची झाली. रंगाला पेंटर आला, त्याने मन लावून रंग दिला आणि जेवून आल्यावर सवयीने दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहून टाकलं. आम्ही हसून हसून बेजार. तो पुसायला निघाला, तर नानांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. पानी तं पानीच शे."

आणि मग एक दिवस खरोखरच काही उरलं नाही. शेवटचा सांधा मीच मारला. ग्राइंडर फिरवला, वर रंगाचा हात मारला, खाली उतरलो आणि खोलीत जाऊन माझी पिशवी भरली. कपडे होते ते, एक ताट, अक्कांनी दिलेली गोधडी. गोधडी आपली म्हणावी की त्यांची, हे कळेना, म्हणून घडी करून पिशवीशेजारी वेगळी ठेवली. बाहेर आलो तर अक्का नारळ घेऊन उभ्या होत्या आणि नाना बोटीभोवती चालत होते, दर हातभर अंतरावर थांबून पेराने ठोकत, कान लावत. सगळा फेरा झाला. ते माझ्यापाशी आले.

"हाई जावानी झायी," ते म्हणाले. ही जायची झाली.

मी मान हलवली.

"आन येवानी?"

मला काही समजलं नाही. अक्कांनाही नाही. "कोठून येवाची?" त्या म्हणाल्या. "अजून जावाचा पत्ता नही!"

"जायेल मानूस परत येस का नही?"

"नाना," मी म्हटलं, "त्याच बोटीने येता येतं की."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खरंच समुद्रातलं काही जाणत नाही हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच कळत असावं. "ती तं जायेल ऱ्हाई ना!"

ती तर गेलेली असेल. ह्यात कुठेतरी चूक आहे, हे मला तेव्हाही कळत होतं, पण कुठे ते सापडेना. मी अक्कांकडे पाहिलं. त्या बोटीकडे बघत नव्हत्या, नानांकडेही नाही. माझ्या खोलीच्या दारात ठेवलेल्या पिशवीकडे आणि त्या घडी केलेल्या गोधडीकडे बघत होत्या. त्यांनी नारळ नानांच्या हातात दिला आणि आत गेल्या. जरा वेळाने आतून आवाज आला, "भाकरी किती टाकू?"

"काल इतल्याच," नाना म्हणाले.

दुसरी, यायची बोट पुरी झाली नाही. बरगड्यांपर्यंत आली आणि नानांचे गुडघे गेले; पहिली तिची वाट बघत अंगणातच राहिली. मी मात्र ट्रॉल्यांवर, टँकरवर तिथेच राहिलो, आणि त्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांना बोटीतलं काहीच कळत नव्हतं, की आम्हालाच त्यांच्यातलं काही कळत नव्हतं, ह्यावर मी खूप डोकं चालवलंय. ट्रॉली बनवताना हा माणूस कधी सुताइतका चुकला नाही.

पण दुसऱ्या बोटीचा कणा मांडला ती सकाळ मला आठवते. वीस फुटी लोखंडी चॅनल अंगणात आडवा पडला होता. पहिल्या बोटीचं तोंड नानांनी पश्चिमेला ठेवलं होतं. आता ते हातात खडू घेऊन मला विचारत होते, "हिनं तोंड कोठे करू? येवानी शे."

"घराकडे," मी म्हटलं.

माझं घर खाली दक्षिणेला, ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे, डोंगरात कुठेतरी होतं. मी हात करून दाखवणार, तोवर नानांनी चौघांना हाक मारली होती आणि चॅनल उचलून गोल फिरवायला घेतला होता. फिरवत फिरवत त्यांनी त्याचं टोक अक्कांच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर आणलं, खाली ठेवायला लावलं, एक डोळा मिटून रेष पाहिली. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"बराबर शे ना?" त्यांनी मला विचारलं.

मी एकदा दक्षिणेकडे पाहिलं.

"बराबर शे, नाना," मी म्हणालो.