मावसाजींचं बहुमत

युरोपातल्या देशांचं काही अडलं, की त्याचा सगळ्यात जास्त मनस्ताप आमच्या मुकुटबन गावात होत असे, आणि तोही एकाच माणसाला: माझ्या मावसाजींना. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला हा माणूस परदेशाच्या बातम्या इतक्या काळजीनं ऐके, की बघणाऱ्याला वाटावं, यांची मुलगीच तिकडे दिली आहे. मित्रदेशांच्या बैठकीत एकानंच नकार देऊन सगळ्यांचा निर्णय अडवला, तर त्यांना घास गिळवत नसे. "एवढे देश हो म्हणून राह्यले अन् एकटा नाही म्हणते! मंग संघ कायले केला? हात मोजा अन् मोकळे व्हा!" घरातही तोच कायदा. भाजी कोणती, ते हात वर करून ठरे. एकदा वांग्याला दणदणीत बहुमत मिळालं आणि ताटात भोपळा आला. मावशी एवढंच म्हणाली, "सैपाक कोण करते?" त्या दिवशी नकाराधिकार म्हणजे काय, हे मावसाजींनी मला भोपळा खात खात समजावून सांगितलं.

पुढे आसपासच्या पाच गावांनी मिळून नाल्यावर बंधारा घालायचं ठरवलं. सगळ्यांचा विश्वास, म्हणून अध्यक्ष मावसाजी. जागेच्या बैठकीत नाल्याच्या वरच्या अंगाची जागा हवी म्हणून चार गावं एका बाजूला झाली. त्यांच्या वतीनं बोलत होते शेजारच्या गावचे वसंतराव, मावसाजींचे लहानपणापासूनचे मित्र. पाचवं गाव म्हणजे नाल्याच्या खालच्या अंगाला असलेला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे छोटीशी वस्ती. पाणी तिथं वर अडवलं तर आपला झरा आटेल, असं त्यांचं म्हणणं. मावसाजींनी नेमानं मतं मोजली आणि ठराव लिहायला पेन उघडलं. तेव्हा पोडावरचा एक म्हातारा उभा राहिला. "गुरुजी, हात बराबर मोजले तुमी. आमचे हात कमी हायेत. तहान कमी नाही."

मावसाजींनी पेन बंद केलं. "ठराव थांबला," म्हणाले.

त्यानंतर पाच वेळा ते भर उन्हात पोडावर गेले. झऱ्यापाशी बसले, म्हाताऱ्याबरोबर सगळा नाला पायाखाली घातला. दोन्ही बाजूंना पटेल अशी जागा अखेर सापडली, पण तोवर पाऊस आला आणि काम वर्षभर लांबलं. पुढचा उन्हाळा वसंतरावांच्या गावानं टँकरवर काढला. "एकाच्या नाहीपायी आमच्या बायका रांगेत उभ्या राह्यल्या," ते म्हणाले, आणि मावसाजींशी बोलणं सोडलं ते कायमचंच.

आता बंधाऱ्यात पाणी आहे, झराही वाहतो. वसंतराव मात्र मागच्या वर्षी गेले. परवा मी मावसाजींना सहज विचारलं, त्या देशांनी शेवटी करावं काय? हात मोजावेत, की एकाच्या नकारापाशी थांबावं?

"थांबाव त लागते," ते म्हणाले. "पण थांबल्यानं ज्याईचं नुकसान होते, त्याईच्याही घरी जाव लागते. मी पोडावर पाच खेपा गेलो. वसंताकडे एकबी नाही." मग हळूच म्हणाले, "त्याचं गाव त वाटेतच होतं."