सात जण आत, पडद्यावर सहा

माझी धाकटी जाऊ नऊ वर्षं एका कोरड्या खोलीत खुर्ची टाकून माणसं मोजत होती. तिचं काम सांगितलं की लोक हसतात. मीसुद्धा हसले होते, आणि मी तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई.

कारखाना गाड्यांच्या बॅटऱ्यांचा. त्यातही ही नवी जात. आत पातळ द्रव नाही, सगळं घट्ट. तिच्यात लिथियमची पन्नी लागते, वर्खाइतकी पातळ. तिला हवेतली ओल सोसत नाही. जरा दमट हवा लागली की चकचकीत पन्नी डोळ्यांदेखत काळी पडते. म्हणून ती खोली यंत्रं लावून इतकी कोरडी ठेवतात की दुपारपर्यंत ओठ फुटतात आणि डोळ्यांची पापणी मिटताना खरखरते. एवढं करूनही ओल आत येतेच, कारण माणूस ती पोटात घेऊन येतो. श्वास सोडला की वाफ आलीच. ओले केस चालत नाहीत, शिंक आली तर बाहेर पळायचं, आणि रडायला सक्त मनाई. हे मी विनोद म्हणून सांगत नाही, तिथे पाटी आहे.

खोलीतल्या यंत्राला आत एकूण किती वाफ सुटते त्यावरून कळतं की आत किती जण श्वास घेताहेत. तो आकडा पडद्यावर येतो. जुनी खोली लहान, मर्यादा चौघांची. जाऊ दाराशी बसायची आणि आकडा चारच्या वर गेला की एकाला बाहेर काढायची. सगळे तिला दारवाली काकू म्हणत.

"काकू, आज पोटभर जेवलोय. अर्धाच श्वास घेऊ का?" फोरमन विचारायचा.

"तू बोलतोस तेच दोन माणसांएवढं भरतं," ती म्हणायची.

मग कंपनीने ठरवलं की आता खोलीत शेकड्यांनी बनवून भागायचं नाही, लाखांनी बनवायच्या. शेजारी नवा हॉल उठला. चाळीस माणसांचा, पांढरा, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसेल असा. जुन्या खोलीची सगळी मापं तिथल्याच इंजिनिअरने जशीच्या तशी नव्या यंत्रात उतरवली. तिकडे घाई होती. उद्घाटनाची तारीख लागलेली. काकूची खुर्ची मात्र आता काचेच्या बाहेर आली.

पहिल्या चाचणीला सात जण आत गेले. काकूने दारात मोजले. पांढरे सूट, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसतात. पडद्यावर आकडा वर चढत गेला आणि सहावर थांबला.

अर्धा तास थांबले. सहाच.

यंत्राची नळी बदलली. सहा. दुसरा पडदा आणला. सहा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोरमन घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे आपल्यातलं कोणीतरी एक श्वास घेत नाही."

कोणी हसलं नाही. सगळी नुसती एकमेकांच्या छातीकडे बघत होती, असं जाऊने सांगितलं.

शेवटी त्यांनी एकेकाला बाहेर काढून बघायचं ठरवलं. एक बाहेर आला, दहा मिनिटं थांबले, आकडा पाच. दुसरा आला, चार. प्रत्येक जण बाहेर आल्यावर सुटकेचा श्वास टाकायचा, कारण त्याचा एक कमी झालेला असायचा. तीन. दोन. एक. सहावा बाहेर आला आणि आकडा झाला शून्य.

आत अजून एक मुलगी उभी होती.

तिचं यंत्र सगळ्यात आतल्या टोकाला, म्हणून ती शेवटी राहिली, एवढंच. तिला हळूबाई म्हणायचे, कारण तिचं बोलणं ऐकायला कान पुढे न्यावा लागे. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पाठमोरी उभी राहून पन्नीची गुंडाळी सरळ करत होती. एवढा मोठा पांढरा हॉल, एक मुलगी, हात हलताहेत, आणि पडद्यावर शून्य. काकू म्हणाली, "वहिनी, मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढता येईना."

बाहेर आल्यावर हळूबाईने सहा तोंडं बघितली आणि पडदा बघितला. तिने पुढे होऊन दाराच्या काचेवर 'हाऽऽ' करून श्वास सोडला. काचेवर गोल धुकं आलं. "घेते की मी," ती म्हणाली.

"बाहेर घेतेस," फोरमन म्हणाला, "आत नाही घेत."

मूर्खपणा! पण भ्यालेल्या माणसाच्या तोंडून आलेला मूर्खपणा फार लवकर पटतो. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आत जायला कोणी तयार होईना. तिच्या चष्म्यावर कधी वाफ धरत नाही, हे एकाला आठवलं. तिचे हात गार असतात, हे दुसरीला. इंजिनिअरचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण उद्घाटनाला चार दिवस उरले होते आणि सहा माणसं अडून बसली होती. त्याने सांगितलं, हिला हॉलमधून काढून खोकी बांधायला पाठवतो. ती मुलगी दोन वर्षं हंगामी होती. हॉलमधल्या जागेवर कायम होणार होती. ती जागा गेली की सगळंच गेलं.

त्या संध्याकाळी जाऊ माझ्याकडे येऊन बसली. चहा गार झाला तरी कपाला हात नाही.

"पोरगी विचारत होती," ती म्हणाली. "काकू, मी झोपताना नाकापुढे हात धरते. हाताला लागतं. मग तिथे का नाही?"

मी विचारलं, "तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला शेवटी ठेवून बघितलंत?"

"कोण थांबणार वहिनी? शून्य आपल्यावर आलं तर?"

"सगळे भित्रे! तू थांब मग."

"मी?"

"तू नाही का श्वास घेत?"

ती जरा उशिराने म्हणाली, "घेते." मला तो उशीर आवडला नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी ती सूट चढवून एकटीच हॉलमध्ये गेली. भिंतीवर आतही एक पडदा आहे, त्याच्यासमोर उभी राहिली. हवेच्या यंत्राची घरघर सोडली तर आवाज नाही. तिथे वासही नसतो; हवेत काहीच नसतं. दहा मिनिटं झाली. शून्य. वीस झाली. तिने मास्क काढला, मोठमोठे श्वास सोडले. शून्य. मनगटाची नाडी धरली तर हातमोज्यातून लागेना. "मला वाटलं," ती मला नंतर म्हणाली, "मी मागेच कधीतरी गेले असणार, आणि तुम्ही कोणी मला सांगितलं नाही." हे ती हसत सांगत नव्हती.

ती तिथेच खाली बसली. खाली बसून, मान वर करून शून्याकडे बघितलं, आणि तेव्हा तिला वाटलं की असं आपण आधी बसलोय. एकदा नाही, रोज. जुन्या खोलीत ती सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसायची. आत ती एकटी आणि पडद्यावर शून्य. मग बाकीचे यायचे आणि आकडा एकपासून सुरू व्हायचा. नऊ वर्षांत तिला हे कधी खटकलं नव्हतं. माणसं मोजायची म्हणजे कामाची माणसं. आपलं काय!

इंजिनिअर आल्या आल्या तिने त्याला गाठलं. "साहेब, जुन्या खोलीचा शून्य कोणी लावला होता?"

"मीच. यंत्र आलं तेव्हा. खोली रिकामी करून लावतात काकू, तसाच लावला."

"तेव्हा मी कुठे होते?"

"तुम्ही तिथेच होतात ना, खुर्चीत."

"मग खोली रिकामी कशी?"

तिने मला सांगितलं की त्याचे कान आधी लाल झाले, मग चेहरा. यंत्राने तिचा श्वास रिकाम्या खोलीच्या हवेतच गणला होता, आणि तोच शून्य त्याने नव्या हॉलला लावला होता. त्यामुळे तिथे कोणीही जावो, पहिला माणूस नसल्यातच जमा. चाळिसांच्या मर्यादेत एक्केचाळीस घुसले असते, पन्नी काळी पडली असती आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांची तोंडं काळी झाली असती. ते वेगळंच. आधी त्या मुलीचं बघायचं होतं.

हॉल खरोखर रिकामा केला. काकू दोन दारं ओलांडून थेट आवारात जाऊन उभी राहिली. शून्य नव्याने लावला. इंजिनिअर म्हणाला, आता साती जणांना पाठवू.

"नाही," काकू म्हणाली. "तिला एकटीला."

हळूबाई आत गेली. बाहेर सहा जण काचेला चिकटले. ओल हवेत पसरायला वेळ लागतो, हे त्यांना रोजच्या कामाने माहीत होतं. पण त्या दिवशी कोणालाच ते आठवत नव्हतं. पडदा शून्य दाखवत राहिला. दोन मिनिटं. चार. फोरमन एक पाऊल मागे सरकला. काकू सांगते, बाहेर उभं असलेलं कोणीही तेव्हा श्वास घेत नव्हतं, त्यांना मोजलं असतं तर यंत्र चक्रावलं असतं. ती मुलगी हॉलच्या मध्यावर हात मांडीशी जुळवून उभी. सूट इतका ढगळ की छाती हलते की नाही, दिसत नव्हतं.

सातव्या मिनिटाला एक आला.

फोरमनने काचेवर दोन्ही हात आपटले. इंजिनिअरने मायक्रोफोन घेऊन सांगितलं, झालं, बाहेर ये, तुझी जागा तुझीच. खोक्यांच्या विभागाला पाठवायचा कागद त्याने तिथेच चुरगळला.

मुलगी हलली नाही. मान वर करून पडद्याकडे बघत होती.

"अगं ये," काकू म्हणाली. "आणि रडू नकोस हं आत."

"नाही रडत," स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला. "थोडा वेळ बघू द्या ना, काकू."

बाकीचे सहा जण सूट घालून दाराशी रांगेत उभे राहिले होते. पाळी सुरू व्हायची वेळ उलटून गेली होती. काकूने दार उघडलं नाही.