गुरुवारची तालीम आणि माझं ताट

येडशी स्टेशनवर गाडी हलायच्या आधी आईनं खिडकीतून कडक भाकरीचं गाठोडं आत दिलं. "पंगत चुकवू नगंस, आन् ताट बी बदलू नगंस," ती म्हणाली. आमचं घर लिंगायत, पक्कं शाकाहारी आणि मी निघाले होते जर्मनीत नर्स व्हायला. ही दोन्ही एकदम कशी जमवायची, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुम्हा सास्तूरकरांना, माझ्या गावच्या माणसांना, वाटतं, मी इथं जर्मनीत मजेत आहे. तशी आहेच. या छोट्या गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे गायन मंडळात, दर गुरुवारी गाते. पण मंडळाच्या वार्षिक जेवणात टेबलभर सॉसेज. दोन वर्षं मी "ड्युटी आहे" अशी थाप मारली आणि घरी वरणभात खात रडले. आपल्या जेवणाची लाज वाटली, हे आज कबूल करते.

यंदा मंडळाच्या सेक्रेटरी, सत्तरीच्या हेल्गाबाई, तालमीनंतर जुनं इतिवृत्त वाचून दाखवत होत्या. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या एका यहुदी कापडवाल्याला मंडळात गायचं होतं. तालीम शुक्रवारी संध्याकाळी आणि त्याचा शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हाच सुरू व्हायचा. त्यानं सरळ वार बदलून मागितला. दोन बैठका भांडणात गेल्या, शेवटी गुरुवार ठरला. वार्षिक जेवणाला तो खाण्याचे धर्मनियम पाळायला आपलं ताट आणि उकडलेली अंडी घेऊन यायचा आणि बरोब्बर मधोमध बसायचा. आमची तालीम गुरुवारी का, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्याच्या नातवंडांचं काय झालं?" मी विचारलं.

हेल्गाबाईंनी वही मिटली. "नाझींनी नेलं. गाव बघत उभं होतं. माझे आजोबासुद्धा."

मिसळलं की सगळं निभावतं, असं आता मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यापैकी जे पुण्याला, दुबईला गेलेत, त्यांनाही नाही. पण घाबरून पंगत सोडायची नाही, एवढं मात्र त्याच दिवशी ठरवलं.

जेवणाच्या यादीत नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, 'ताट माझं'. स्टीलचा डबा घेऊन मधोमध बसले. कडक भाकरी मोडल्याचा आवाज टेबलभर गेला, सगळे वळले. हेल्गाबाईंनी हात पुढं केला, शेंगाचटणी लावून तुकडा खाल्ला आणि डोळे पुसत पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "पंगतीत बसलीस का?"

"व्हय. ताट आपलंच हुतं."

घर कुठं, असं मला आता कुणी विचारलं तर सांगते, सास्तूर. आणि जिथं ड्युटीची थाप मारावी लागत नाही, तेही.